एका स्लोप जनरेटरमधून किती कामं निघतात: मॉड्युलर पॅचिंगच्या नोंदी

ऑसिलेटर (मूळ सूर देणारा) फिल्टरमध्ये, फिल्टर व्हीसीएमध्ये (व्होल्टेजने आवाज कमी-जास्त करणारा अँप्लिफायर) आणि एक एलएफओ (संथ ऑसिलेटर, ऐकण्यासाठी नाही, नॉब हलवण्यासाठी) फिल्टरच्या कटऑफवर (फिल्टर जिथून गाळायला लागतो ती मर्यादा). मॉड्युलर सिंथवर, म्हणजे सुटी मॉड्यूल्स केबलने जोडून वाजवायच्या सिंथेसायझरवर, बहुतेकांचा पहिला पॅच (केबलची जोडणी) हाच असतो. दहा सेकंद मजा येते. अर्ध्या मिनिटात कान त्याच्याकडे लक्ष देणं सोडतो, डोक्यावरचा पंखा ऐकू येईनासा होतो तसं. मग माणूस दुसऱ्या एलएफओच्या किमती बघायला लागतो. खरं तर दुसरा एलएफओ लागतच नाही. पहिल्याची खोली, वेग आणि आकार कोणीतरी सतत हलवत ठेवायला हवा, एवढंच. ते काम रॅकमध्ये आधीपासून पडून असलेली मॉड्यूल्स करतात: व्हीसीए, अटेन्युव्हर्टर (व्होल्टेज कमी करणारा आणि उलटवणारा), स्लू लिमिटर (व्होल्टेजचा बदल संथ करणारा). यांचे फोटो कोणी टाकत नाही, पण पॅच यांच्यावरच उभा राहतो.

खालचे आकडे डोप्फर कंपनीच्या ए-१०० पासून रुळलेल्या युरोरॅक या मॉड्यूल्सच्या साच्याचे आहेत. रॅक नसेल (आणि कस्टम ड्यूटी धरून एका मॉड्यूलची किंमत बघितली की नसणं साहजिकच आहे) तर व्हीसीव्ही रॅक हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. व्होल्टेजचे संकेत तिथेही तेच. बेफाकोचं रॅम्पेज (एक स्लोप जनरेटर, त्याबद्दल पुढे) आणि म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सच्या मॉड्यूल्सच्या सॉफ्टवेअर आवृत्त्या तिथे फुकट मिळतात, त्यामुळे यातलं जवळजवळ सगळं लॅपटॉपवर करून बघता येतं.

सतरा मिलिव्होल्टचा प्रश्न

पिचचा हिशेब सरळ आहे: १ व्होल्ट म्हणजे एक सप्तक. एक सेमिटोन ८३.३ मिलिव्होल्ट, सा ते प हे सात सेमिटोन ५८३ मिलिव्होल्ट. ही रीत मूगने रुळवली. मूगचाच एक मॉड्युलर १९६९ साली अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी बसवला आणि गीता साराभाई, अतुल देसाई वगैरे मंडळींनी त्या स्टुडिओत ध्वनिमुद्रणं केली, तेव्हा हे प्रकरण आपल्याकडे काल-परवा आलेलं नाही.

आता एलएफओ बघा. तो साधारण उणे ५ ते अधिक ५ व्होल्ट हलतो. थेट पिचवर लावला तर पाच सप्तकं वर आणि पाच खाली. आपल्याला हवा असतो दोन्ही बाजूंना २० सेंटचा (सेंट म्हणजे सेमिटोनचा शंभरावा हिस्सा) हलका कंप, म्हणजे १६.७ मिलिव्होल्ट. एलएफओचा तीनशेवा हिस्सा. नॉबची फिरकी जेमतेम ३०० अंश असते, म्हणजे नॉब एक अंश फिरवून थांबायचं. ते होत नाही. एकतर काहीच हलत नाही, नाहीतर सायरन वाजतो. उपाय म्हणजे दोन अटेन्युएटर (व्होल्टेज कमी करणारे नॉब) एकापाठोपाठ. पहिला दहाव्या हिश्शावर आणा, दुसरा तिसाव्या हिश्शाच्या आसपास. आता दुसऱ्या नॉबला दहा अंशांची जागा मिळते आणि बोटांना काम करता येतं.

दोन अटेन्युएटरच्या मध्ये एक व्हीसीए घाला. त्याच्या सीव्हीला (नियंत्रण करणाऱ्या व्होल्टेजच्या इनपुटला) ८०० मिलिसेकंद चढणारा एन्व्हलप (एकदा चढून उतरणारं व्होल्टेज) द्या. सूर आधी सरळ लागतो, कंप मागून येतो. एवढ्या एका केबलने सिंथचा आवाज यंत्रासारखा वाटायचा थांबतो. दरबारीतल्या कोमल गंधारासारखं आंदोलन हवं असेल तर एलएफओचा वेग १ हर्ट्झच्या आसपास आणा आणि ऑफसेट (वर मिसळलेलं स्थिर व्होल्टेज) देऊन लाट फक्त सुराच्या खालच्या बाजूला, रिषभाकडे झुकती ठेवा. सुराच्या दोन्ही बाजूंना सारखं हलणारं आंदोलन लगेच कीबोर्डचं वाटतं.

मींडेसाठी सिक्वेन्सर (सुरांची व्होल्टेजं पायरीपायरीने देणारा) आणि ऑसिलेटरच्या मध्ये स्लू लिमिटर. यात क्वांटायझरची (व्होल्टेज जवळच्या सुरावर नेऊन बसवणाऱ्याची) जागा महत्त्वाची. क्वांटायझर आधी आणि स्लू नंतर असेल तर सूर सलग घसरतो. उलट केलं, म्हणजे स्लू आधी आणि क्वांटायझर नंतर, तर घसरताना मधला प्रत्येक सूर पायरीसारखा वाजतो, पेटीवर बोटं फिरवल्यासारखा. दोन्ही उपयोगाचं आहे, पण एक हवं असताना दुसरं ऐकू आलं की लोक स्लू खराब आहे असं समजतात. आणखी एक बारकावा असा की एक्सपोनेन्शियल स्लू आधी झपाट्याने जातो आणि शेवटी रेंगाळतो. एका टाइम कॉन्स्टंटमध्ये ६३ टक्के अंतर, तिनात ९५ टक्के. ६० मिलिसेकंदांचा कॉन्स्टंट ठेवला तर १८० मिलिसेकंदांनी सूर जागेवर आलेला वाटतो. त्याआधीच सिक्वेन्सर पुढच्या पायरीवर गेला तर एकही सूर पूर्ण लागत नाही आणि सगळंच बेसूर ऐकू येतं.

मॉड्युलेशनसाठी व्हीसीए

दोन गोष्टी बघून घ्या. पहिली, व्हीसीए डीसी-कपल्ड हवा. इनपुटला कपॅसिटर असलेला फक्त आवाजासाठीचा व्हीसीए संथ व्होल्टेज गाळून टाकतो. एलएफओ आत जातो आणि बाहेर काहीच येत नाही. दुसरी, तो लिनिअर हवा. एक्सपोनेन्शियल व्हीसीएवर सीव्हीचा पहिला अर्धा प्रवास वाया जातो, शेवटी एकदम उसळी येते.

उलट्या व्होल्टेजचा घोळ इथेच होतो. एन्व्हलप ० ते ८ व्होल्ट जातो. किक (ड्रमचा ठोका) वाजली की ड्रोन (सलग वाजणारा सूर) खाली बसावा म्हणून तो उलटवून ड्रोनच्या व्हीसीएवर लावला, तर व्होल्टेज होतं ० ते उणे ८. व्हीसीए शून्याखाली उघडतच नाही, ड्रोन कायमचा गप्प. उलटवल्यावर वर ८ व्होल्टचा ऑफसेट मिसळायला हवा. मॅथ्ससारख्या मॉड्यूलवर (हाही एक स्लोप जनरेटर) हे बाहेरची केबल न लावता होतं, कारण दुसऱ्या चॅनेलला काही जोडलेलं नसेल तर तिथे आतून १० व्होल्ट येतात आणि तिसऱ्याला ५. नॉब फिरवून हवा तेवढा ऑफसेट घ्यायचा आणि SUM नावाच्या सॉकेटमधून बेरीज बाहेर काढायची. फक्त त्या चॅनेलच्या स्वतःच्या आउटपुटला केबल लावू नका. लावलीत की तो चॅनेल बेरजेतून गळतो, आणि तासभर शोधूनही ऑफसेट कुठे गेला ते कळत नाही.

स्लोप जनरेटर

एकच मॉड्यूल घ्यायचं असेल तर हे घ्या. सर्ज चेरेपनिन यांनी १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात ड्युअल युनिव्हर्सल स्लोप जनरेटर केला. आजचं मॅथ्स आणि रॅम्पेज त्याच घराण्यातले. आत जे घडतं ते अगदी साधं आहे. इनपुटचं व्होल्टेज वर गेलं की आउटपुट त्याच्या मागे जातं, पण चढाच्या नॉबने ठरवलेल्या वेगाने. खाली आलं की उताराच्या वेगाने. ट्रिगर (व्होल्टेजचा क्षणिक ठोका) दिला तर एकदा चढून उतरतं. सायकल चालू केलं तर उतरल्यावर स्वतःच पुन्हा चढतं.

एन्व्हलप, एलएफओ आणि स्लू ही तीन कामं तर यातून उघडच निघतात. चढ आणि उतार दोन्ही अगदी कमी ठेवून सायकल चालू केली की हाच ऑसिलेटर होतो. पण खरी गंमत पुढे आहे.

तबल्याचा लूप किंवा मायक्रोफोनचा आवाज इनपुटला द्या, चढ शून्यावर आणि उतार १०० ते २०० मिलिसेकंदांवर ठेवा. हा झाला एन्व्हलप फॉलोअर. रेक्टिफायर (लाटेचा उणे भाग उलटवणारं सर्किट) नसला तरी चालतो, कारण झटपट चढ लाटेची वरची टोकं पकडतो आणि संथ उतार खालचा भाग झाकून टाकतो. बाहेर येतं ते तबल्याच्या जोराचं व्होल्टेज. ते ड्रोनच्या कटऑफवर लावा, ड्रोन तबल्याबरोबर श्वास घेतो. उतार फार कमी केला तर आउटपुट प्रत्येक लाटेबरोबर थरथरतं (८० हर्ट्झची एक लाट १२.५ मिलिसेकंदांची असते) आणि फिल्टर खरखरतो. मायक्रोफोनचा सिग्नल आधी प्रीअँपने वर आणावा लागतो. युरोरॅकची पातळी लाइन लेव्हलच्या कितीतरी वर असते, तेव्हा थेट जोडलं तर काहीच घडणार नाही.

ट्रिगर थोडा मागे ढकलायचा असेल तर चढ म्हणजे उशीर, आणि मॅथ्सच्या पहिल्या चॅनेलचं ईओआर (चढ संपला की उंच होणारं आउटपुट) म्हणजे उशिराने आलेला गेट (काही वेळ उंच राहणारं व्होल्टेज). उतार किती ठेवाल तेवढी त्या गेटची लांबी. हे क्षुल्लक वाटेल, पण डिजिटल क्वांटायझरला नवं व्होल्टेज मोजायला काही मिलिसेकंद लागतात. एन्व्हलप त्याआधी सुटला तर प्रत्येक सुराच्या सुरुवातीला आधीच्या सुराचं शेपूट ऐकू येतं. गेट ३ ते ५ मिलिसेकंद मागे घेतला की ते जातं.

आता सबहार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या अर्ध्या, तिसऱ्या, चौथ्या हिश्शावरचे सूर. मॅथ्सचा चॅनेल चढत असताना आलेला ट्रिगर ऐकत नाही, उतरताना आलेला ऐकतो. ४४० हर्ट्झच्या चौकोनी लाटेने त्याला ट्रिगर करा. दर २.२७ मिलिसेकंदांनी ट्रिगर येतोय. चढ २ मिलिसेकंद असेल तर प्रत्येक ट्रिगर लागू पडतो आणि ४४० ऐकू येतो. चढ ३ केला की ४.५४ वरचाच ट्रिगर लागतो, म्हणजे २२०. चढ ५ केला तर ६.८ वरचा, म्हणजे १४६.७ हर्ट्झ, तिसरा हिस्सा. नॉब सलग फिरतो, पण सूर मात्र दोन, तीन, चार असे पूर्णांकांच्या पायऱ्यांवर उड्या मारतो, आणि सगळे मूळ सुराशी जुळलेले. चढाच्या सीव्हीवर संथ एलएफओ सोडला की मूळ सुराखाली आपोआप एक धून चालू होते. अगदी काठावरच्या वेळेला, समजा ४.५ मिलिसेकंदांच्या आसपास, तो दोन आणि तीनमध्ये फडफडतो. काहींना हा दोष वाटतो. फडफड हवी असेल तर नॉब तिथेच सोडा.

स्वतःचं आउटपुट स्वतःच्याच चढाच्या सीव्हीत, अटेन्युएटरमधून. मॅथ्सवर या इनपुटला धन व्होल्टेज म्हणजे जास्त वेळ. त्यामुळे जसजसं वर जाईल तसतसा चढ मंदावतो, आणि सरळ रेषेचा फुगीर वक्र होतो. अटेन्युव्हर्टरने उलट केलं तर वक्र खोलगट. बोथ नावाच्या इनपुटचा हिशेब मात्र याच्या बरोबर विरुद्ध आहे: तिथे धन व्होल्टेजने वेळ कमी होतो. मॅन्युअल न वाचता पॅच करणाऱ्यांचं घोडं इथे पेंड खातं.

क्रेल पॅच, नीट

टॉड बार्टन यांनी बुक्ला सिंथवर लोकप्रिय केलेला हा पॅच. घड्याळ नाही, सिक्वेन्सर नाही. प्रत्येक सूर संपला की तोच पुढच्या सुराला उठवतो.

स्लोप जनरेटर सायकलवर ठेवा. चढ सुमारे १०० मिलिसेकंद, उतार अर्धा ते एक सेकंद. आउटपुट व्हीसीएच्या सीव्हीला. ईओसी (फेरी संपली की उंच होणारं आउटपुट) सॅम्पल अँड होल्डच्या (ट्रिगर आला की इनपुटचं व्होल्टेज पकडून ठेवणाऱ्या मॉड्यूलच्या) ट्रिगरला. सॅम्पल अँड होल्डचं आउटपुट अटेन्युएटरमधून क्वांटायझरला आणि तिथून ऑसिलेटरच्या पिचला. त्याच आउटपुटची दुसरी केबल अटेन्युव्हर्टरमधून उताराच्या सीव्हीला. शेवटी भरपूर रिव्हर्ब. इथपर्यंत सगळे येतात.

त्यानंतर मात्र तो तासभर तसाच वाजत राहतो आणि परत पंख्यासारखा होतो. का, ते शोधलं तर तीन-चार जागा सापडतात.

सॅम्पल अँड होल्डच्या इनपुटला व्हाइट नॉइझ असेल तर त्याची बहुतेक मूल्यं मध्याजवळ पडतात. मधलेच चार सूर घोळत राहतात, टोकाचे सूर क्वचित येतात. नॉइझच्या जागी त्रिकोणी एलएफओ लावा. त्रिकोण प्रत्येक व्होल्टेजवर सारखाच वेळ थांबतो, त्यामुळे सगळ्या सुरांना सारखी संधी मिळते. त्याहून चांगलं म्हणजे एलएफओचा वेग सुरांच्या वेगापेक्षा बराच कमी ठेवा. मग लागोपाठचे सूर शेजारचे येतात, आणि कानाला ते आरोह-अवरोहासारखं लागतं. फासे टाकल्यासारखं वाटत नाही.

दुसरं, एकच व्होल्टेज पिच आणि उतार दोन्हींवर गेल्याने वरचे सूर कायम लांब आणि खालचे कायम तुटक. कानाला हे उफराटं वाटतं, कारण देवळातली मोठी घंटा खोल आवाजाची आणि लांब घुमणारी, पैंजणातला घुंगरू बारीक आणि क्षणाचा. उताराचा अटेन्युव्हर्टर मध्याच्या डावीकडे न्या. खालचा सूर लांब, वरचा तोकडा. सगळ्या पॅचमध्ये सर्वांत स्वस्तात मिळणारा फरक हा.

तिसरं, मोठं व्होल्टेज चढाच्या सीव्हीत गेलं की एखादा सूर मिनिटभर चढतच राहतो. मॅथ्सची एक फेरी २५ मिनिटांपर्यंत ताणता येते. पॅच बंद पडला असं वाटून लोक केबल्स उपसतात. तो बिचारा चढत असतो. चढावर हात आखडता घ्या, उतारावर मोकळा सोडा.

ईओसीच्या जागी ईओआर लावून बघा. ईओसीने सूर बदलतो तो व्हीसीए मिटलेला असताना, कोणाला कळतही नाही. ईओआरने तो शिखरावर असताना बदलतो, म्हणजे प्रत्येक नाद एका सुरावर जन्मतो आणि दुसऱ्यावर विझतो. आणि हेही लक्षात असू द्या की मॅथ्सचं ईओसी निवांत बसलेलं असताना १० व्होल्टवर असतं. ते गेट म्हणून दुसऱ्या एन्व्हलपला लावलं तर तो एन्व्हलप उघडाच राहतो. कडा ओळखणाऱ्या ट्रिगर इनपुटलाच लावा.

फिल्टरला टिचकी: तबला आणि डग्गा

रेझोनन्स (फिल्टर कटऑफच्या सुराला किती उठाव देतो ते) इतका वाढवा की फिल्टर स्वतःहून वाजायच्या जेमतेम अलीकडे थांबेल. ऑडिओ इनपुटला ऑसिलेटर नको, फक्त ट्रिगर द्या: ५ व्होल्ट, १ ते ५ मिलिसेकंद. कटऑफच्या सुरात फिल्टर टण्ण करून घुमतो आणि विझतो. घुमण्याची लांबी रेझोनन्सवर. ट्रिगरऐवजी लांब गेट दिला तर दोन टिचक्या ऐकू येतात, चढत्या कडेला एक आणि उतरत्या कडेला एक. नुसता क्लिक ऐकू येत असेल आणि घुमत नसेल तर रेझोनन्स अजून वाढवायला हवा.

तबल्याला सूर असतो तो शाईमुळे. साध्या चामड्याचे उपस्वर वेडेवाकडे पडतात. शाईचं वजन त्यांना मूळ सुराच्या पटींवर आणून बसवतं, हे सी. व्ही. रामन यांनी दाखवून दिलं. म्हणून एका फिल्टरने तबला होत नाही, तीन लागतात. काळी एकला २७७, ५५४ आणि ८३२ हर्ट्झ. एकच ट्रिगर तिघांना. वरच्या दोघांचा रेझोनन्स क्रमाने थोडा कमी, म्हणजे ते लवकर विझतील. बँडपास (फक्त कटऑफच्या आसपासचं सोडणारं) आउटपुट घ्या. लोपास (कटऑफच्या खालचं सगळं सोडणारं) घेतलं तर ट्रिगरचा स्वतःचा धप्प आवाज मिसळतो. पुष्कळ फिल्टर १ व्होल्ट दर सप्तक हा नियम नीट पाळत नाहीत, म्हणून तिघांवर एकच पिच सीव्ही टाकून सूर बदलत बसू नका. एका सुरात लावून घ्या आणि तिथेच वाजवा.

डग्ग्याला तो धप्प हवाच असतो, तिथे लोपास. कटऑफ ७० हर्ट्झ. मनगटाच्या दाबाने सूर वर सरकतो ती घसीट हवी, म्हणून त्याच ट्रिगरने एक स्लोप जनरेटर उठवा: चढ १५० मिलिसेकंद, उतार ३००. आउटपुट विसाव्या हिश्शावर आणून कटऑफवर. ८ व्होल्टचे ०.४ व्होल्ट उरतात आणि सूर ७० वरून ९२ हर्ट्झपर्यंत जातो. फिल्टर तोवर विझत असेल तर घसीट ऐकूच येत नाही. रेझोनन्स वाढवून घुमारा निदान अर्धा सेकंद टिकवा. आता त्या ०.४ व्होल्टच्या वाटेत व्हीसीए घाला आणि त्याला क्रेलमधलंच सॅम्पल अँड होल्ड जोडा. प्रत्येक 'घे' वेगळ्या दाबाने पडतो. ड्रम मशीनवर सॅम्पल वाजवून हे येत नाही.

लो पास गेटवरही (फिल्टर आणि व्हीसीए एकत्र असलेल्या मॉड्यूलवर) हीच टिचकी चालते. बुक्लाच्या २९२ पासून त्यात बहुतेक वेळा व्हॅक्ट्रोल असतो, म्हणजे एका डबीत एलईडी आणि प्रकाशाने बदलणारा रोधक. रोधक झटकन उजळतो पण सावकाश मावळतो, त्यातून तो लाकडी, नैसर्गिक वाटणारा आवाज येतो. ट्रिगर १ मिलिसेकंदाचा असेल तर रोधकाला जाग यायच्या आत तो संपतो आणि आवाज दबका निघतो. ५ ते १० मिलिसेकंद द्या. लांबी बदलत ठेवली तर जोरही बदलत राहतो.

एफएम वर सरकतं ते का

एफएम म्हणजे एका ऑसिलेटरने दुसऱ्याचा सूर झपाट्याने हलवणं. एका ऑसिलेटरची साइन (गुळगुळीत लाट) दुसऱ्याच्या १ व्होल्ट दर सप्तक इनपुटला लावली की सूर वर पळतो. हा ट्यूनिंगचा दोष नाही, गणित आहे. ४४० हर्ट्झवर अधिक १ व्होल्ट म्हणजे ८८०, उणे १ म्हणजे २२०. वर ४४० ची झेप, खाली २२० चीच. सरासरी वर जाणारच. साइन अधिक-उणे १ व्होल्ट असेल तर सरासरी जवळपास दोन सेमिटोन वर सरकते. आणि एफएमची खोली एन्व्हलपने हलवली की प्रत्येक सुरात पिचही वाकतो. कर्कश घंटानादासाठी हे झकास, सुरेल सिक्वेन्ससाठी नाही.

सुरेल हवं असेल तर लिनिअर एफएम इनपुट वापरा. तिथे झेप हर्ट्झमध्ये मोजली जाते, वर २०० तर खालीही २००. झेप मूळ ४४० पेक्षा मोठी झाली तर थ्रू-झीरो नसलेला, म्हणजे शून्याच्या पलीकडे जाऊ न शकणारा ऑसिलेटर शून्यावर अडतो आणि सूर पुन्हा वर चढतो. नाकापेक्षा मोती जड. दोन्ही ऑसिलेटरना एकच पिच सीव्ही द्या, प्रमाण १:२ किंवा २:३ असं पूर्णांकी ठेवा, आणि मॉड्युलेट करणाऱ्याचा आवाज व्हीसीएतून, झटपट उताराच्या एन्व्हलपने. आघाताला धातू, मागे शुद्ध सूर.

सम शोधणारा लॉजिक गेट

एकाच क्लॉकला (मात्रेचे ठोके देणाऱ्याला) दोन डिव्हायडर (ठराविक ठोक्यांनी एकदा उंच होणारे): एक सातने भागणारा, एक सोळाने. रूपक आणि त्रिताल शेजारी शेजारी. दोघांची सम ११२ मात्रांनी एकत्र येते. सेकंदाला दोन मात्रा धरल्या तर ५६ सेकंदांनी. दोन्ही आउटपुट अँड लॉजिकमध्ये (दोन्ही इनपुट उंच असतील तेव्हाच उघडणाऱ्या मॉड्यूलमध्ये) घाला, त्यातून दर ५६ सेकंदांनी एक गेट मिळतो. त्या गेटने सॅम्पल अँड होल्ड उठवा आणि त्याचं व्होल्टेज एलएफओच्या खोलीवर, उताराच्या लांबीवर, रिव्हर्बच्या प्रमाणावर टाका. मिनिटभर पॅच एका स्वभावात राहतो आणि समेवर कूस बदलतो. झपताल आणि त्रिताल घेतले तर ८० मात्रा, ४० सेकंद.

फसगत दोन ठिकाणी. बरेच डिव्हायडर अर्धा वेळ उंच राहणारी चौकोनी लाट देतात, मग अँड गेट भलत्याच मात्रांवरही उघडतो. मूळ क्लॉकही अँडमध्ये घालून भागत नाही. डिव्हायडरच्या आउटपुटचे आधी आखूड ट्रिगर करून घ्यावे लागतात. आणि काही डिव्हायडर पहिल्या मात्रेला उंच होतात, काही शेवटच्या. दोन्ही एकाच जातीचे घ्या आणि सुरू करताना एकाच रिसेटने जागेवर आणा.

केबल आणि वीज

पिच व्होल्टेज साध्या मल्टिपलमधून (एक सिग्नल अनेक केबल्सना वाटणाऱ्या जोडातून) वाटलं की सूर उतरतो. आउटपुटचा रोध १ किलोओहम आणि इनपुटचा १०० किलोओहम असेल तर एका इनपुटला जवळपास १ टक्का व्होल्टेज गळतं, म्हणजे दर सप्तकाला १२ सेंट. तीन इनपुट जोडले तर ३५ सेंट. काही मॉड्यूल्स आउटपुटमध्येच याची भरपाई करतात, बरीच करत नाहीत. खालचे सूर जुळतायत आणि वर जाताना ऑसिलेटर मागे पडतायत, अशी तक्रार असेल तर आधी मल्टिपल बघा आणि बफर्ड लावा. गेट आणि एलएफओसाठी साधा मल्टिपल चालतो. दोन आउटपुट मात्र त्यात एकत्र करू नका, त्याला मिक्सर लागतो.

व्हीसीव्ही रॅकमध्ये हा गळतीचा प्रश्न नाही, पण तिथे प्रत्येक केबल एका सॅम्पलचा उशीर करते, ४४.१ किलोहर्ट्झला सुमारे २३ मायक्रोसेकंद. फिल्टरचं आउटपुट अटेन्युएटरमधून परत त्याच्याच इनपुटला देणाऱ्या फीडबॅक पॅचमध्ये तो ऐकू येतो, आवाज खऱ्या सर्किटपेक्षा टोकदार होतो. सॅम्पल रेट ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झवर नेला की फरक पडतो, सीपीयूचा मीटरही तितकाच वर जातो. क्लॉक चार मॉड्यूल्समधून फिरून सिक्वेन्सरला आणि रिसेट थेट आला, तर रिसेट तीन-चार सॅम्पल आधी पोचतो आणि मागून आलेला क्लॉक काही सिक्वेन्सरना दुसऱ्या पायरीवर ढकलतो. पहिली मात्रा गिळल्यासारखी वाटते. रिसेटलाही तेवढ्याच मॉड्यूल्समधून फिरवून आणा.

खऱ्या रॅकमध्ये मॉड्यूल बदलताना वीज बंद करा आणि रिबन केबलची लाल पट्टी उणे १२ व्होल्टच्या बाजूला आहे ना ते बघा. मॉड्यूलच्या पाठीमागे बहुतेक वेळा तशी खूण छापलेली असते. केबल उलटी बसली तर संरक्षक डायोड नसलेलं मॉड्यूल त्याच क्षणी जळतं, आणि धूर आला की मग अटेन्युव्हर्टरची चौकशी करून उपयोग नसतो.